अद्ययावतीकरणानंतर बंद पडलेला टचपॅड : बिघाड कोठे आणि उपाय कोणता?

अभियांत्रिकी प्रवेशफेरीत महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरण्याची मुदत संध्याकाळी संपावयाची आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे वसलेल्या सोयगाव तालुक्यातील एखाद्या गावी एक विद्यार्थिनी लॅपटॉप उघडून बसते. रात्री यंत्राने आपण होऊन ‘अपडेट’ घेतलेले असते. पडदा उजळतो, तारीख-वेळ दिसते. पण टचपॅडवर बोट कितीही फिरविले तरी पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही. काल रात्री चांगले चालणारे यंत्र आज सकाळी एकाएकी निकामी झाले, असे घरातील सर्वांनाच वाटते. जवळचे दुरुस्तीचे चांगले दुकान म्हणजे जिल्ह्याचे ठिकाण. जाण्यायेण्यात दिवस मोडणार, गाडीभाडे जाणार आणि अर्जाची मुदतही हातची जाणार.

थोड्याफार फरकाने हाच प्रसंग आपले सरकार सेवा केंद्रात, ग्रामपंचायतीच्या कचेरीत किंवा वाळूज आणि चिकलठाणा येथील लहान कारखान्यांच्या हिशेबाच्या टेबलावरही उद्‌भवतो. उत्पन्नाचा दाखला, सात-बारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, मालाचे बिल ही सर्व कामे आता संगणकावर होतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकांना लाभला आहे. अशा वेळी तळहाताएवढी एक पट्टी बंद पडल्याने रांगेतील माणसे ताटकळत उभी राहावीत, हे कोणालाच परवडणारे नाही.

समाधानाची गोष्ट अशी की, अद्ययावतीकरणानंतर लगेच बंद पडलेला टचपॅड बहुतेक वेळा मोडलेला नसतो. बिघडलेला असतो तो टचपॅड आणि संगणक यांच्यामधील संवाद. हा संवाद पुन्हा जुळविण्याचे बहुतेक उपाय घरच्या घरी, एक पैसाही खर्च न करता करता येतात. मात्र ते क्रमाने केले पाहिजेत, आणि घाईघाईने यंत्र ‘फॉरमॅट’ करण्याचा मोह टाळला पाहिजे.

बोटाची खूण यंत्राला कशी कळते?

संगणकाच्या पडद्यावरील बाण हाताने हलविण्याची कल्पना तशी जुनी नाही. अमेरिकेतील संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथे ‘माऊस’चे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. मांडीवर ठेवून वापरावयाच्या संगणकाला वेगळा माऊस गैरसोयीचा, म्हणून आरंभी त्यात फिरता गोळा बसविला जात असे. १९९४ मध्ये ‘ॲपल’ने आपल्या ‘पॉवरबुक’ संगणकात टचपॅड बसविला आणि पुढील काही वर्षांत तो सर्वच लॅपटॉपचे अंग बनला.

टचपॅडच्या गुळगुळीत पृष्ठाखाली विद्युतवाहक रेषांचे उभे-आडवे जाळे असते. आपले शरीर विद्युतवाहक असल्याने बोट जवळ येताच त्या जागेची विद्युतधारकता किंचित बदलते. पट्टीच्या पाठीमागची लहानशी चिप हा बदल दर सेकंदाला अनेक वेळा मोजते आणि बोट कोठे आहे, कोणीकडे सरकत आहे, याचा हिशेब करते. लाकडी काडीने किंवा कापड गुंडाळलेल्या बोटाने टचपॅड चालत नाही, आणि घामेजलेल्या बोटाने तो बिचकतो, त्याचे कारण हेच.

चिपने काढलेला हिशेब संगणकाच्या मुख्य भागापर्यंत पोचविण्यासाठी अलीकडील लॅपटॉपमध्ये बहुधा ‘आय-टू-सी’ नावाचा दोन तारांचा मार्ग वापरतात. फिलिप्स कंपनीने १९८२ च्या सुमारास तयार केलेला हा मार्ग आज असंख्य उपकरणांत आढळतो. त्या मार्गावर देखरेख करणारा एक नियंत्रक असतो. त्याच्यापुढे असते ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली. टचपॅडकडून आलेले आकडे कार्यप्रणालीला, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स यांना, समजतील अशा भाषेत सांगण्याचे काम ती करते.

पैठणच्या जायकवाडी धरणात पाणी भरपूर आहे, शेतात पीकही उभे आहे, पण मधल्या वितरिकेचे दार बंद आहे, तर शेतकरी धरण फुटले असे म्हणत नाही किंवा पीक उपटून टाकीत नाही. तो दार पाहावयास जातो. अद्ययावतीकरणानंतर टचपॅड बंद पडतो, तेव्हा असेच एखादे दार मध्ये बंद झालेले असते.

अद्ययावतीकरणाने काय बदलते?

कार्यप्रणाली ही एकदा लिहून संपलेली वस्तू नव्हे. तिच्यात दोष सापडतात, ते दुरुस्त केले जातात, नवी सोय जोडली जाते. विंडोजच्या बाबतीत सुरक्षाविषयक दुरुस्त्या साधारणपणे प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसृत होतात. त्यांच्याबरोबर किंवा स्वतंत्रपणे ड्रायव्हरही बदलले जातात.

लॅपटॉप बनविणाऱ्या कंपन्या अनेक, त्यांची प्रतिरूपे हजारो आणि आतील सुटे भाग निरनिराळ्या पुरवठादारांचे. नव्या आज्ञावलीची चाचणी घेतली जाते हे खरे, पण जगातील प्रत्येक जुळणी तपासणे शक्य नसते. त्यामुळे कधी उत्पादकाने दिलेला खास ड्रायव्हर जाऊन त्याच्या जागी सर्वसाधारण ड्रायव्हर येतो, कधी आय-टू-सी नियंत्रकाचाच ड्रायव्हर बदलतो आणि टचपॅडचा निरोप वाटेतच अडतो. कधी तर केवळ सेटिंगमधील एखादी खूण पुसली जाते. लागलेले अपडेट अर्धवट राहिल्यानेही असा प्रकार घडतो.

मोठ्या कंपन्यांच्या हातूनही अशा चुका होतात. विंडोज ११ साठी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रसृत झालेल्या अपडेटनंतर दुरुस्तीच्या खास पडद्यावर, म्हणजे ‘रिकव्हरी’ विभागात, यूएसबीने जोडलेला माऊस आणि कळफलक चालेनासे झाले. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबर रोजी तातडीचे नवे अपडेट देऊन हा दोष दूर केला. त्याआधी १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल सुमारे ८५ लाख संगणकांना भोवली आणि भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

मग अपडेट घेऊच नये काय?

हे ऐकून ‘अपडेटच बंद करून टाकावे’ असे अनेकांना वाटते. दुकानांतूनही कधी कधी असा सल्ला मिळतो. तो धोक्याचा आहे. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने मे २०१७ मध्ये दीडशे देशांतील संगणक वेठीस धरले. ज्या दोषातून ती शिरली, त्यावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ती न घेतलेली यंत्रे बळी पडली. त्याच वर्षी जूनअखेर ‘नॉटपेट्या’ या हल्ल्याने त्याच दोषाचाही उपयोग करून जगभर हाहाकार माजविला. त्याची झळ आपल्या राज्यातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनललाही लागली आणि तेथील कंटेनरांची चढउतार विस्कळीत झाली.

तेव्हा अपडेट घेणे आवश्यकच आहे. परंतु परीक्षेच्या, अर्जाच्या किंवा हिशेब सादर करण्याच्या आदल्या रात्री ते घेऊ नये. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अपडेट काही आठवडे थांबवून ठेवण्याची सोय आहे. महत्त्वाच्या आठवड्यापुरता तिचा उपयोग करावा आणि काम उरकताच अपडेट घेऊन टाकावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही जुनी यंत्रे वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आधी काम वाचवा

टचपॅड बंद पडला म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. संगणकाची जवळजवळ सर्व कामे कळफलकावरून करता येतात. ‘टॅब’ कळ दाबली की एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जाता येते आणि ‘शिफ्ट’सह ‘टॅब’ दाबल्यास मागे येता येते. ‘स्पेस’ कळीने चौकटीत खूण होते, बाणांच्या कळांनी यादीतील नाव निवडता येते आणि ‘एंटर’ने ते मान्य होते. ‘कंट्रोल’ आणि ‘एस’ एकत्र दाबल्यास बहुतेक आज्ञावलींत चालू काम जतन होते. म्हणून सोयगावच्या त्या विद्यार्थिनीने प्रथम दुरुस्तीच्या मागे लागू नये; कळफलकावरून किंवा शेजाऱ्यांकडून आणलेल्या साध्या यूएसबी माऊसने आपला अर्ज पुरा करावा. काही शे रुपयांत मिळणारा तारेचा माऊस प्रत्येक सेवा केंद्राच्या खणात असणे हा शहाणपणाचा खर्च होय.

ज्या कळफलकावर उजवीकडे अंकांचा स्वतंत्र गट असतो, तेथे आणखी एक सोय आहे. डावीकडील ‘ऑल्ट’, डावीकडील ‘शिफ्ट’ आणि ‘नम लॉक’ या तीन कळा एकदम दाबून ‘एंटर’ केले असता अंकांच्या कळांनीच बाण हलविता येतो.

तपासणीचा क्रम

काम सुरक्षित झाले की शांतपणे तपासणीस लागावे. पहिला उपाय सर्वांत सोपा : यंत्र ‘रीस्टार्ट’ करावे. येथे एक बारकावा आहे. ‘शट डाउन’ केल्याने विंडोज पुष्कळदा पूर्णपणे बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून आपली काही स्थिती ती जपून ठेवते. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सर्व काही नव्याने भरले जाते. अर्धवट राहिलेले अपडेटही त्यामुळे पुरे होते. विंडोजची कळ आणि ‘डी’ एकत्र दाबून, नंतर ‘ऑल्ट’ आणि ‘एफ-४’ दाबल्यास रीस्टार्टचा पर्याय कळफलकावरूनच मिळतो. एवढ्याने भागले नाही, तर यंत्र बंद करून, चार्जर काढून, चालू करण्याचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे व मग यंत्र सुरू करावे. आतील उरलीसुरली विद्युतशक्ती निघून जाऊन काही वेळा अडकलेली चिप पुन्हा जागी होते.

दुसरी तपासणी कळफलकाची. कळफलकाच्या वरच्या ओळीत ‘एफ’ अक्षराच्या ज्या कळा असतात, त्यांपैकी एकीवर टचपॅडचे लहान चित्र आढळते. कोठे ती पाचवी असते, कोठे सातवी, कोठे नववी. ‘एफएन’ कळीसह ती दाबली की टचपॅड बंद किंवा सुरू होतो. काही जुन्या लॅपटॉपवर टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर दोनदा टिचकी मारल्यासही तो बंद होतो आणि तेथील बारीकसा दिवा लागतो. पुन्हा दोनदा टिचकी मारली की काम होते.

तिसरी तपासणी सेटिंग्जची. विंडोजची कळ आणि ‘आय’ दाबून सेटिंग्ज उघडावे. विंडोज ११ मध्ये ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ आणि विंडोज १० मध्ये ‘डिव्हायसेस’ या विभागात ‘टचपॅड’ हे पान असते. तेथील बटण सुरू आहे की नाही ते पाहावे. माऊस जोडला असता टचपॅड चालू ठेवावा की बंद, असाही एक पर्याय त्याच पानावर असतो. माऊस लावला की टचपॅड बंद आणि माऊस काढला की सुरू असे होत असेल, तर सारा दोष त्या एका खुणेचा असतो. ‘टचपॅड’ हे पानच यादीत दिसत नसेल, तर यंत्राला आपला टचपॅड ओळखू येत नाही असे समजून पुढच्या पायरीकडे वळावे.

मधले दार उघडताना

चौथी पायरी ‘डिव्हाइस मॅनेजर’ची. विंडोजची कळ आणि ‘एक्स’ दाबून नंतर ‘एम’ दाबल्यास संगणकातील सर्व उपकरणांची यादी उघडते. ‘माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस’ आणि ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’ या दोन गटांत टचपॅड शोधावा. बाणाच्या कळांनी यादीत खालीवर जाता येते, उजव्या बाणाने गट उघडतो आणि ‘ऑल्ट’सह ‘एंटर’ दाबल्यास त्या उपकरणाची माहिती दिसते. ‘आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस’ या नावापुढे पिवळा त्रिकोण असेल आणि उपकरण सुरू होऊ शकत नाही असे सांगणारा ‘कोड १०’ दिसत असेल, तर अडथळा ड्रायव्हरच्या पातळीवर असण्याचा संभव मोठा.

अशा वेळी माहितीच्या चौकटीतील ‘ड्रायव्हर’ या भागात ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण पाहावे. ते दाबता येत असेल, तर यंत्राने आधीचा ड्रायव्हर जपून ठेवला आहे असा त्याचा अर्थ होतो. बटण दाबून रीस्टार्ट केले की जुना ड्रायव्हर परत येतो. बटण फिकट दिसत असेल, तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून यंत्र रीस्टार्ट करावे. ड्रायव्हरची फाइल पुसून टाकण्याची जी खूण तेथे विचारली जाते, ती या टप्प्यावर करू नये. सुरू होताना विंडोज उपकरण नव्याने शोधते आणि त्याची जुळणी पुन्हा करते.

एवढ्यानेही गुण न आल्यास लॅपटॉपच्या पाठीवर छापलेला प्रतिरूप क्रमांक किंवा अनुक्रमांक पाहून उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच ड्रायव्हर घ्यावा. प्रथम आय-टू-सी नियंत्रकाचा आणि नंतर टचपॅडचा ड्रायव्हर बसवावा. शेताच्या चारीचे दार कितीही उघडले, तरी वितरिकेचे दार बंद असताना पाणी येत नाही. तसाच हा क्रम आहे.

मागे परतण्याची सोय

ड्रायव्हर बदलूनही टचपॅड चालत नसेल आणि अपडेटवरच संशय असेल, तर ते अपडेट काढून टाकता येते. सेटिंग्जमधील ‘विंडोज अपडेट’च्या इतिहासात अलीकडे बसविलेल्या अपडेटची यादी तारखांसह असते, आणि तेथेच ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ हा पर्याय मिळतो. विंडोजची संपूर्ण नवी आवृत्ती बसली असेल, तर साधारणपणे पहिल्या १० दिवसांत ‘रिकव्हरी’ विभागातून जुन्या आवृत्तीकडे परत जाता येते. ही मुदत उलटली की जुन्या फाइली पुसल्या जातात. म्हणून निर्णय लांबणीवर टाकू नये. सुरक्षाविषयक अपडेट काढल्यास सुधारित अपडेट येताच ते पुन्हा घ्यावे. शासकीय कार्यालयांतील यंत्रांवर असे अपडेट कर्मचाऱ्याने आपल्या मनाने काढू नये. कार्यालयाच्या तांत्रिक विभागाला कळवून मगच पाऊल उचलावे.

या सर्व दुरुस्त्यांपूर्वी एक दक्षता मात्र विसरता कामा नये. अलीकडील अनेक लॅपटॉपांत साठविलेली माहिती ‘बिटलॉकर’ किंवा तत्सम यंत्रणेने आपोआप कुलूपबंद असते. रिकव्हरी विभागात किंवा यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे ‘बायोस’मध्ये, फेरफार करताच यंत्र ४८ अंकी किल्ली मागू शकते. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. ती आधीच पाहून कागदावर उतरवून ठेवावी. किल्ली हरवली तर टचपॅड राहील बाजूला, आणि वर्षानुवर्षांची छायाचित्रे, हिशेब व प्रमाणपत्रे कायमची दुरावतील.

बायोसमध्येही ‘टचपॅड’ किंवा ‘इंटर्नल पॉइंटिंग डिव्हाइस’ असा पर्याय असतो. तो बंद झाला असल्यास सुरू करावा. इतर कोणत्याही आकड्यास हात लावू नये.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी

पुणे येथे मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स कार्यप्रणाली, किंवा ‘उबुंटू’सारख्या प्रणाली, शाळा-महाविद्यालयांत वापरल्या जातात. लिनक्समध्ये ड्रायव्हर बहुतांशी ‘कर्नल’ या गाभ्यातच असतात. अपडेटबरोबर गाभा बदलला आणि टचपॅड थांबला, तर यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या यादीतील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा गाभा निवडून पाहावा. त्यात टचपॅड चालला, तर दोष नव्या गाभ्याचा हे सिद्ध होते, आणि पुढील सुधारणा येईतो जुन्या गाभ्यावर काम करता येते.

लिनक्सचा आणखी एक उपयोग विंडोज वापरणाऱ्यांनाही होतो. पेनड्राइव्हवर घेतलेली लिनक्स, काहीही न बसविता, तात्पुरती चालवून पाहता येते. कुलूपबंद यंत्रावर हा प्रयोग वर सांगितलेली किल्ली हाताशी असल्यावरच करावा. तेथे टचपॅड हलला तर पट्टी, चिप आणि तारा शाबूत आहेत, बिघाड विंडोजच्या जुळणीत आहे, असा निर्वाळा मिळतो. तेथेही तो निश्चल राहिला, तर यंत्राच्या अंगभूत दोषाचा विचार करावा.

यंत्राचाच दोष असेल तर

अपडेट आणि बिघाड एकाच दिवशी यावेत हा कधी कधी केवळ योगायोगही असतो. टचपॅड एका बाजूने उचललेला दिसतो काय, त्याची टिचकी घट्ट झाली आहे काय, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो काय, हे निरखून पाहावे. तसे असल्यास खालची बॅटरी फुगून टचपॅडला वर रेटीत असण्याचा संभव असतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या खोलीत राहिलेल्या लॅपटॉपला हा धोका अधिक. अशा यंत्राचा वापर ताबडतोब थांबवावा, चार्जर काढावा; बॅटरी दाबू नये किंवा टोचू नये. तीतून आग लागू शकते. जुनी बॅटरी कचराकुंडीत न टाकता अधिकृत संकलकाकडेच द्यावी.

बाण थांबलेला नसून थरथरतो किंवा उड्या मारतो, असाही अनुभव येतो. चार्जर काढताच तो शांत झाला, तर दोष बहुधा विजेच्या जोडणीत असतो. ज्या घरांत अर्थिंग नाही, किंवा तीन पायांच्या चार्जरला दोन पायांची पिन लावून काम भागविले जाते, तेथे चार्जरमधील विद्युत गोंगाट टचपॅडच्या सूक्ष्म मापनात घोटाळा करतो. येथे ड्रायव्हर बदलून काहीच साधत नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेणे हाच खरा उपाय, आणि तो माणसाच्या जिवाच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे.

दुकानाची पायरी चढताना

वरील सर्व उपाय थकले तरच यंत्र दुरुस्तीस न्यावे. नेण्यापूर्वी हमीची मुदत पाहावी, महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी, आणि एका कागदावर यंत्राचा क्रमांक, अपडेटची तारीख व आपण केलेल्या तपासण्या लिहून घ्याव्यात. पेनड्राइव्हवरील लिनक्समध्ये टचपॅड चालतो, एवढे एक वाक्य दुकानदारास सांगितले तरी नवा टचपॅड बसविण्याचा अनावश्यक खर्च टळू शकतो. केवळ टचपॅडसाठी फॉरमॅट करण्यास, फाइलींची प्रत हाती आल्याखेरीज, संमती देऊ नये. कामाची पावती अवश्य घ्यावी. तक्रारीचा प्रसंग आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

याहून मोठा धोका दुकानात नसून फोनवर आहे. गोंधळलेला माणूस इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधतो आणि नेमका भामट्यांनी पेरलेला क्रमांक त्याच्या हाती लागतो. पलीकडची व्यक्ती कंपनीची माणसे असल्याचा बहाणा करून संगणकाचा ताबा दुरून घेणारी आज्ञावली बसवावयास सांगते. टचपॅड सुरू होवो न होवो, बँकेतील शिल्लक मात्र नाहीशी होते. कोणतीही कंपनी आपण होऊन फोन करून ‘तुमचा संगणक बिघडला आहे’ असे सांगत नाही. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर नोंदविली जाईल, तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक.

जाणकारांची फळी हवी

छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात केंद्र शासनाची ‘नायलिट’ ही संस्था इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञानाचे शिक्षण देते. शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे, आणि एमएस-सीआयटीची केंद्रे तर तालुक्यातालुक्यात पोचली आहेत. संगणक चालविण्याचे शिक्षण या मार्गांनी गावोगाव गेले. आता तो अडला असता काय करावे, याचेही शिक्षण तितकेच आवश्यक झाले आहे. पाण्याचा पंप बंद पडला की शेतकरी प्रथम वीज आहे काय, फ्यूज शाबूत आहे काय, फुटबॉलमध्ये कचरा अडकला काय, हे क्रमाने पाहतो. मोटार उचलून थेट शहराला नेत नाही. हीच शिस्त संगणकालाही लागू पडते.

सेवा केंद्राच्या भिंतीवर तपासणीचा हा क्रम लिहिलेला एक कागद आणि खणात एक साधा माऊस एवढी सिद्धता असली, तर अपडेटनंतरची ती सकाळ कोणाच्या प्रवेशाची किंवा दाखल्याची मुदत हिरावून घेणार नाही. सोयगावची विद्यार्थिनी ‘टॅब’ आणि ‘एंटर’च्या साहाय्याने आपले पसंतीक्रम भरील, अर्ज निश्चित करील, आणि मग सवडीने डिव्हाइस मॅनेजर उघडून मधले दार कोठे अडले आहे ते पाहील.